त्या संख्येचा मूलांक एक येतो

रात्री दोनच्या सुमारास फोन वाजला. आमच्या एका क्लायंटच्या सिस्टिममध्ये नवीन ऑर्डरी जात नव्हत्या. लॉगिन होत होतं, जुन्या ऑर्डरी दिसत होत्या, पण नवी टाकली की एरर. लॉग उघडला तर एकच ओळ शेकडो वेळा छापलेली. तिचा मराठीत अर्थ असा: ही नोंद आधीच आहे, क्रमांक २१४७४८३६४७.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हा आकडा बघितला की पुढचं काही वाचावं लागत नाही. झोप उडते. दोनचा एकतिसावा घात, वजा एक. बत्तीस बिटांपैकी एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी राखून ठेवलं की उरलेल्या एकतीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या. कुणीतरी सात वर्षांपूर्वी ऑडिटचं टेबल बनवताना क्रमांकाच्या कॉलमला साधा 'इंट' प्रकार दिला होता, आणि प्रत्येक क्लिक, प्रत्येक बदल मोजत मोजत तो कॉलम त्या रात्री भिंतीला जाऊन धडकला. पुढचा क्रमांक मागितला की डेटाबेस तोच शेवटचा क्रमांक पुन्हा द्यायचा आणि 'हा तर आधीच आहे' म्हणून स्वतःच नाकारायचा. पहाटे साडेपाचला आम्ही मोठ्या कॉलमचं नवं रिकामं टेबल जागेवर लावलं, जुन्याचं नाव बदलून बाजूला ठेवलं आणि झोपायला गेलो.

सकाळी उठून बघतो तर ऑफिसच्या ग्रुपवर एका सीनियरने लिहिलेलं: २+१+४+७+४+८+३+६+४+७ = ४६. ४+६ = १०. १+० = १. मूलांक एक, म्हणजे सूर्य! म्हणूनच सिस्टिम सूर्योदयाला चालू झाली! खाली हात जोडलेले, हसणारे, सूर्याचे इमोजी. एकाने तर 'सर, कंपनीचा पण मूलांक काढा ना' असंही लिहिलं होतं.

मी त्यावर काही लिहिलं नाही. तेव्हा लिहिलं असतं तर नोकरी गेली असती. आता लिहितो.

गंमत होती, मान्य. पण त्याच्या सहाच महिने आधी माझ्या बहिणीचं एक स्थळ याच गमतीपायी मोडलं होतं. दोघं दोनदा भेटले होते, तिला तो आवडला होता, त्यालाही ती. मग मुलाच्या मामांनी फोन केला. मुलीची जन्मतारीख २६, म्हणजे आठ. मुलाची तारीख १३, म्हणजे चार. चार आणि आठ, राहू आणि शनी, एका घरात नको. मामा स्वतः डिप्लोमा इंजिनिअर आहेत. फोनवर आवाज अगदी मऊ होता, जणू रक्ताचा रिपोर्ट आलाय आणि त्यात त्यांचा काही इलाज नाही. माझ्या वडिलांनी 'बरं, हरकत नाही' म्हणून फोन ठेवला. बहीण दोन दिवस नेहमीपेक्षा जास्त बडबड करत होती.

तेव्हा ग्रुपवरची गंमत आणि दिवाणखान्यातला निर्णय यांच्यात मला फारसं अंतर दिसत नाही. यंत्र एकच आहे, म्हणून आधी ते यंत्र उघडून बघू.

नवाने भाग जातो का हे बघायला अंकांची बेरीज करा, हे आपण पाचवी-सहावीतच शिकलो. का, ते मला तरी कुणी सांगितलं नाही, आणि मी तेव्हा विचारलंही नाही. कारण दोन ओळींचं आहे. दहा म्हणजे नऊ अधिक एक. शंभर म्हणजे नव्व्याण्णव अधिक एक. हजार म्हणजे नऊशे नव्व्याण्णव अधिक एक. म्हणजे दहाच्या कुठल्याही घाताला नवाने भागलं की बाकी एकच उरते. म्हणून २६ मधला दोन हा 'वीस' असला तरी नवाच्या नजरेत तो नुसता दोनच. दोन अधिक सहा, आठ. संख्येच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत राहणं म्हणजे त्या संख्येला नवाने भागून बाकी काढणं. बाकी शून्य आली तर नऊ म्हणायचं, एवढाच फरक. मूलांक, भाग्यांक, नावाचा अंक, गाडीच्या नंबरचा अंक, सगळं एवढंच. नवाने भागा, बाकी सांगा, बाकीला ग्रह लावा, पाकीट घ्या.

आणि नऊच का? कारण आपण दशमान पद्धतीत लिहितो, आणि दहाच्या आधी नऊ येतो. दशमान का, तर बहुधा हाताला दहा बोटं आहेत म्हणून. आठच बोटं असती तर आपण अष्टमान पद्धतीत लिहिलं असतं, २६ ही संख्या '३२' अशी लिहिली गेली असती, आणि माझ्या बहिणीचा मूलांक पाच आला असता. पाच म्हणजे बुध. बुधाबद्दल मामांची काही तक्रार नसावी. तीच मुलगी, तोच जन्म. फरक फक्त लिहिण्याच्या पद्धतीचा. शिवाय २६ ही तारीख ग्रेगरियन कॅलेंडरची. तिथी घेतली तर आकडा वेगळा, राष्ट्रीय शके दिनांक घेतला तर आणखी वेगळा. शनीने यातलं नेमकं कुठलं कॅलेंडर स्वीकारलंय, हे ठरवणारं परिपत्रक कुठे आहे?

माझं भांडण हे आहे: संख्येचे गुण वेगळे आणि संख्येच्या लिखाणाचे गुण वेगळे. 'पाणी' हा शब्द दोन अक्षरी आहे हा पाण्याचा गुण नाही. पण आकड्यांच्या बाबतीत ही चूक आपण दिवसभर करतो, आणि वर तिला शास्त्र म्हणतो.

मग त्या रात्रीच्या आकड्याचे स्वतःचे गुण कुठले? कसाही लिहिला, अगदी दोन अब्ज चौदा कोटी आणि काही खडे ओतून समोर ढीग केला, तरी जे बदलणार नाहीत असे?

पहिला आणि सर्वांत मोठा गुण: ती मूळ संख्या आहे. ते खडे समान रांगांच्या आयतात मांडताच येणार नाहीत, एकच लांबलचक रांग करावी लागेल. हे कळायला माणसाला बराच वेळ लागला. फ्रान्समधल्या मेर्सेन नावाच्या पाद्र्याने १६४४ मध्ये एक यादी छापली: दोनच्या कुठल्या घातातून एक वजा केला की मूळ संख्या मिळते. यादीत ३१ होता, ६७ होता, २५७ होता. यातले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, आणि ६१, ८९, १०७ हे त्याच्याकडून सुटले होते. म्हणजे यादीत नाव आहे एवढ्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. ३१ चा निकाल ऑयलरने लावला. १७७२ च्या सुमारास त्याने योहान (तिसरा) बर्नुलीला लिहिलेलं पत्र छापलं गेलं, त्यात तो आहे. तेव्हा ऑयलर सेंट पीटर्सबर्गला होता, पासष्टीच्या आसपास, आणि जवळजवळ पूर्ण आंधळा.

आंधळ्या माणसाने दोन अब्जांच्या संख्येचे अवयव शोधले कसे? इथे जरा थांबा, कारण फॉरवर्डमध्ये हे कधी येत नाही.

सरळ मार्ग म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. वर्गमूळ सुमारे ४६,३४०, आणि तिथपर्यंत मूळ संख्या आहेत सुमारे ४,८००. हाताने करायचे तेवढे भागाकार. पण समजा एखादी मूळ संख्या 'प' या संख्येला भागते. मग दोनचे घात, २, ४, ८, १६, घेत जायचे आणि प्रत्येकाला 'प'ने भागून बाकी लिहीत जायचं. एकतिसाव्या पायरीवर बाकी एक येणारच, कारण 'प' ने दोनच्या एकतिसाव्या घातातल्या एक वजा केलेल्या भागाला भागलंय. बाकी एक आली की चक्र पुन्हा सुरू. आता ३१ स्वतः मूळ संख्या आहे, म्हणून हे चक्र त्याहून छोटं असू शकत नाही. ते बरोबर ३१ पायऱ्यांचं. दुसरीकडे फर्माने शंभरेक वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं की 'प' वजा एक पायऱ्यांनंतरही बाकी एकच येते. दोन्ही खरं असायचं तर 'प' वजा एक ही संख्या ३१ च्या पाढ्यात हवी. 'प' विषम आहे, म्हणून ती ६२ च्या पाढ्यात हवी. छोट्या आकड्यावर पडताळून बघायचं असेल तर दोनचा अकरावा घात वजा एक घ्या: २०४७. तिचे अवयव २३ आणि ८९. एकाने कमी केले की २२ आणि ८८. दोन्ही बावीसच्या पाढ्यात.

आणखी एक चाळणी आठची आहे: असल्या अवयवाला आठाने भागलं की बाकी एक किंवा सातच येते. दोन्ही चाळण्या एकत्र लावल्या की उमेदवार उरतात ते २४८ च्या पाढ्यात एक मिळवलेले किंवा ६३ मिळवलेले. ४६,३४० पर्यंत असे मोजले, आणि खुद्द ६३ ला तीनाने भाग जातो म्हणून तो काढून टाकला, तर उरतात ३७२. चार हजार आठशेवरून तीनशे बहात्तरवर. त्यातले मूळ नसलेले गाळले तर आणखी कमी. एकानेही भाग गेला नाही. निकाल लागला.

मी हे पहिल्यांदा समजून घेतलं ते त्या आउटेजनंतरच्या रविवारी, हातात चहा आणि समोर पायथनचं टर्मिनल. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये हा आकडा मी निदान दहा वेळा पाठ केला होता. व्हायव्हात विचारायचे: इंटची कमाल मर्यादा किती? सांगितलं की दोन मार्क. ती संख्या मूळ आहे हे कुणी बोललं नाही, आणि आमच्यापैकी कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. 'परीक्षेला येत नाही' आणि 'प्लेसमेंटला विचारत नाहीत' ही आमच्याकडची दोन मोठी प्रमेयं. मामांच्या डिप्लोमातही हीच असणार. म्हणून मला त्यांचा राग येतो तसाच थोडा माझाही येतो. बाकी काढायचा नियम दोघांनाही शाळेत मिळाला होता, कारण दोघांनाही मिळालं नव्हतं. त्यांनी त्या रिकाम्या जागेत ग्रह भरले. मी ती जागा रिकामीच ठेवली होती, एवढंच.

'याचा उपयोग काय' हा प्रश्न विचारणारेही जुने आहेत. पीटर बार्लो हा वूलिचच्या लष्करी अकादमीत शिकवणारा चांगला गणिती. ऑयलरच्या या मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या बनते, म्हणजे स्वतःखेरीज बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिची तिच्याइतकीच भरते अशी: २३०५८४३००८१३९९५२१२८. बार्लोने १८११ मधल्या आपल्या पुस्तकात असं भाकीत केलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा कोण कशाला शोधत बसेल! १८७६ मध्ये ल्युकासने दोनचा १२७ वा घात वजा एक ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं आणि बार्लोचं भाकीत पडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली याच घराण्यातली मूळ संख्या चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची आहे.

आणि उपयोग? सी प्लस प्लसच्या प्रमाणित लायब्ररीत यादृच्छिक आकडे देणारं एक साधं यंत्र आहे. आधीच्या आकड्याला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी हा पुढचा आकडा. भाजक मूळ आहे आणि १६८०७ हा गुणक नीट निवडलेला आहे, म्हणून हे यंत्र १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकेकदा देऊन मगच पुन्हा पहिल्यावर येतं. भाजक मूळ नसता तर ही सोय मिळाली नसती. ऑयलरच्या ३७२ उमेदवारांवर हे यंत्र उभं आहे. तरीही मी असं म्हणणार नाही की उपयोग निघाला म्हणून ते गणित मोलाचं ठरलं. तो पुन्हा बार्लोचाच तराजू झाला, फक्त पारडं दुसरीकडे झुकवलेलं.

आता एक सापळा दाखवतो, मीही त्यात जवळजवळ पडलो होतो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोईंग ७८७ बद्दल एक आदेश काढला. विमानाच्या जनरेटरचं नियंत्रण करणारा भाग सलग २४८ दिवस चालू राहिला तर आतला मोजणारा कॉलम भरतो आणि विमानाची एसी वीज पूर्ण जाऊ शकते, म्हणून त्याआधी तो बंद करून पुन्हा चालू करा. सेकंदाचे शंभर भाग करून मोजलं तर दोनच्या एकतिसाव्या घाताएवढे भाग सुमारे साडे दोनशे अठ्ठेचाळीस दिवसांत भरतात, हिशोब जुळतो. आणि ऑयलरच्या चाळणीतही २४८! माझ्या अंगावर काटा आला. मग दोन मिनिटांनी लाज वाटली. ऑयलरचा २४८ म्हणजे आठ गुणिले एकतीस. विमानाचा २४८ सेकंदाचे शंभर भाग करण्यातून आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांतून आला. अमेरिकन इंजिनिअरने सेकंदाचे हजार भाग केले असते तर पंचवीस दिवस आले असते. योगायोग आहे, त्यामागे काही नाही. पण त्या दोन मिनिटांत मी मामांच्या जागी उभा राहून आलो. आकडे जुळले की माणसाला बरं वाटतं, आणि बरं वाटणं म्हणजे पुरावा असं वाटू लागतं.

इथे कुणीतरी कापरेकरांचं नाव काढणार, आणि काढावंच. द. रा. कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ चा, नोकरी देवळालीला शाळामास्तराची. त्यांचं जवळजवळ सगळं काम मी ज्याला नावं ठेवतोय त्या अंकांच्या खेळातलंच. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. २०३८ घेऊ: ८३२० वजा ०२३८ म्हणजे ८०८२. मग ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. इथून पुढे ६१७४ च येत राहतो. मग मी कापरेकरांनाही मामांच्या रांगेत बसवतो का?

बिलकूल नाही. मामांना उत्तर आधीच ठाऊक असतं. कापरेकर विचारत होते की लिहिण्याच्या या पद्धतीला अमुक एक धक्का दिला तर काय होतं, आणि मग बसून, हाताने, करून बघत होते. दोन अंकांवर करा: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, म्हणजे चक्रच, मुक्काम नाही. तीन अंकांवर ४९५. पाच अंकांवर पुन्हा चक्रं. आता हा प्रश्न झाला: चारलाच का थांबतं? आणि मधल्या सगळ्या वजाबाक्या नवाच्या पाढ्यात का येतात? कारण अंकांची जागा बदलली तरी त्यांची बेरीज तीच राहते, म्हणून दोन्ही संख्यांची नवाची बाकी तीच, म्हणून वजाबाकीत ती उडून जाते. तेच ते नऊ, पण इथे त्याचं कारण हाताला लागतं. आपण मात्र कापरेकरांचं काय केलं? 'भारतीय गणितज्ञाचा जादुई आकडा' म्हणून इमेज बनवली, मागे फिरणारी आकाशगंगा लावली, आणि 'अभिमान असेल तर शेअर करा' लिहिलं. त्यांच्या हयातीत आपल्याकडच्या विद्वानांनी त्यांना फारसं मोजलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरात लिहिल्यावर जगाला नाव कळलं. आधी दुर्लक्ष, मग आकाशगंगा. मधला टप्पा, म्हणजे कागद घेऊन करून बघणं, आपण गाळला.

हार्डीने १९४० मध्ये ८७१२ आणि ९८०१ ही उदाहरणं देऊन असल्या अंकखेळांना हातभर लांब ठेवलं होतं. या दोन संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या चौपट आणि नऊपट आहेत, आणि त्यात गणितज्ञाने बघावं असं काही नाही, असं त्याचं मत. निम्मा मी त्याच्या बाजूचा आहे. पण हार्डी केंब्रिजला प्राध्यापक होता. देवळालीच्या मास्तराला ज्या दारातून गणितात शिरता येत होतं तिथून तो शिरला. दार अंकखेळाचं होतं म्हणून हसायचं असेल तर आधी दुसरं दार उघडं होतं का ते सांगावं लागेल.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं. नवाची बाकी, आठ बोटं, बुध. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, 'नऊ बोटं असती तर?' मी म्हटलं मग आठाने भाग. २६ ला आठाने भागलं की बाकी दोन. 'दोन म्हणजे कोण?' चंद्र. 'मग दहावं बोट कापूया का?' असं म्हणून ती हसली, आणि मला त्या मामांचा फोन पुन्हा आठवला.

त्या टेबलाचा नवा कॉलम चौसष्ट बिटांचा आहे. त्याची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७. ती मूळ नाही. सातने दोनदा भाग जातो, शिवाय ७३, १२७, ३३७, ९२७३७ आणि ६४९६५७ हे अवयव. याच वेगाने नोंदी होत राहिल्या तर भिंतीपर्यंत पोचायला तीन हजार कोटी वर्षं लागतील, तेव्हा त्या रात्री फोन कुणाला येईल याची चिंता नको. अंकांची बेरीज ८८, मग १६, मग सात. मूलांक सात, केतू. हे मी ग्रुपवर आधीच टाकून ठेवलंय, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको. खाली नवाच्या बाकीचं कारणही लिहिलं. केतूला अकरा इमोजी आलेत. बाकीच्या कारणाला अजून एकच आलाय, तो एका इंटर्नचा, आणि सोबत प्रश्न आहे: सर, मग अकराने भाग जातो का ते बघायला अंक आलटूनपालटून वजा का करतात?